झाड कोणते, याआधी ते कुठे आणि केव्हापासून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या पश्चिम भागातील जुनिपर नावाच्या झाडांच्या तोडीवर आलेला लेख वाचला. सरकार स्वतःच देशी झाडांवर करवत चालवते, त्याचा फायदा गुरे पाळणाऱ्या बड्या मालकांना होतो आणि निमित्त मात्र एका पक्ष्याचे पुढे केले जाते, असा त्या लेखाचा एकूण रोख होता. लेखकाची चीड प्रामाणिक आहे आणि त्यांच्या काही आक्षेपांत तथ्यही आहे. परंतु ज्या भूमीबद्दल ते लिहितात तिथे मुळात कोणकोणत्या वनस्पती एकमेकींच्या सोबतीने वाढतात, याचा एकही उल्लेख त्या लेखात नव्हता, आणि तो नसला की झाड तोडणे हे पाप आणि झाड लावणे हे पुण्य एवढाच हिशेब हाती उरतो. सध्या माझा मुक्काम त्याच मुलुखात असल्यामुळे आणि उमेदीची वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे याबाबत थोडे सविस्तर लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

ओरेगॉन राज्याच्या मध्यभागी बेंड नावाचे शहर आहे. त्याच्या आग्नेयेला सुमारे ३० किलोमीटरवर, बर्न्सकडे जाणाऱ्या २० क्रमांकाच्या महामार्गाच्या दक्षिणेस, हॉर्स रिज नावाची एक लांबट टेकडी लागते. या टेकडीवरील सुमारे ६०० एकर, म्हणजे २४० हेक्टरांच्या आसपासचा एक तुकडा १९६७ पासून संशोधनासाठी राखून ठेवलेला आहे. जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची आहे आणि त्याच साली तिला राष्ट्रीय नैसर्गिक स्थळाचा दर्जाही मिळाला. तिथे धबधबा नाही, सरोवर नाही, छायाचित्र काढावे असा कडाही नाही. आपल्याकडचा कोणी पाहुणा तिथे आला, तर ‘यात राखण्यासारखे आहे तरी काय?’ असेच विचारील, कारण दिसते ते एवढेच, की दोन-चार पुरुष उंचीची गाठाळ झाडे एकमेकांपासून अंतर राखून उभी आहेत, त्यांच्यामध्ये करड्या रंगाची कमरेएवढी झुडपे पसरली आहेत आणि झुडपांच्या मधल्या फिकट वाळूत गवताचे विरळ ठोंब आहेत.

हे झाड म्हणजे पाश्चिमात्य जुनिपर. करडे झुडूप म्हणजे मोठा सेजब्रश. हा आपल्या दवण्याचा सख्ख्या गोतातला, कारण दोन्ही आर्टिमिसिया याच प्रजातीचे आहेत आणि पान चुरगळून नाकाशी नेले की हे नाते कोणालाही सांगावे लागत नाही, जरी सेजब्रशचा वास अधिक उग्र, कापराकडे झुकणारा असला. तिसरी वनस्पती गवतासारखी दिसते, पण खरे तर ती लव्हाळ्याच्या कुळातली आहे. तिला वनस्पतिशास्त्रात कॅरेक्स फिलिफोलिया म्हणतात. तिची पाने शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक, मुळे काळसर आणि तारेसारखी चिवट असतात. लव्हाळे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ओढ्याचा काठ येतो, आणि ही मात्र ज्वालामुखीच्या कोरड्या वाळूत मुळे रोवून बसते. झाड, झुडूप आणि जमिनीलगतचे तृण अशा तीन थरांतील प्रमुख वनस्पतींची नावे ओळीने जोडून तिथले अभ्यासक वनस्पतिसमुदायाला नाव देतात. त्यानुसार जुनिपर, सेजब्रश आणि हे दोरेपानी लव्हाळे यांचा समुदाय हा हॉर्स रिजचा विशेष, आणि तो मोठ्या प्रमाणात अबाधित राहिलेला असल्यामुळेच हा तुकडा राखण्यासाठी निवडला गेला.

इथली हवा समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. पॅसिफिक महासागराकडून येणारे ढग कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात आणि पूर्वेकडे उरतो तो पर्जन्यछायेचा प्रदेश. बेंडला वर्षाकाठी जेमतेम ३०० मिलिमीटर पाणी मिळते. महाबळेश्वर आणि फलटण यांच्यातला फरक ज्याला ठाऊक आहे त्याला हे नव्याने सांगायला नको. मात्र आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर, जमीन तापलेली असताना येतो. तिथे तो प्रामुख्याने हिवाळ्यात, त्यातही बराचसा बर्फाच्या रूपाने येतो आणि ऊन कडक होते तेव्हा आकाश महिनोन्‌महिने कोरडे असते. म्हणजे जगायचे ते बर्फ वितळल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर. त्यात माती बरीचशी राख आणि प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीतून उडालेला सच्छिद्र दगड. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा पर्वताचा स्फोट झाला, जिथे आज क्रेटर लेक हे सरोवर आहे. त्याची राख या सगळ्या पठारावर पसरली. अशी माती पाणी लवकर आत घेते. मात्र ओल कुठवर टिकते हे तिच्या जाडीवर अवलंबून असते.

या ओलीची वाटणी कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. सेजब्रशला दोन प्रकारची पाने येतात. वसंतात ओल असताना मोठी पाने फुटतात आणि उन्हाळा चढला की ती गळून जातात; टोकाशी तीन दात असलेली लहान, लवदार, करडी पाने मात्र बर्फातही टिकून राहतात. त्याची काही मुळे पृष्ठभागाजवळ पसरतात, काही खोल उतरतात, आणि खोल मुळांनी वर आणलेले पाणी रात्री वरच्या कोरड्या थरात झिरपते, हे १९८०च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले गेले आहे. जुनिपरच्या सावलीत वेगळेच जग असते. खाली गळलेल्या खवल्यांसारख्या पानांचा जाड थर साचतो, माती तुलनेने सकस असते, पण हलका पाऊस किंवा थोडाथोडका बर्फ झाडाच्या छत्रावरच अडकून उडून जातो. त्यामुळे खोडापासून छत्राच्या कडेपर्यंत आणि कडेपासून उघड्या जागेपर्यंत चार-सहा पावले चालत गेले तरी तृणांचे प्रकार आणि दाटी बदलत जाते. मधली जागा मोकळी दिसते, पण रिकामी नसते. तिथे मातीवर शेवाळ, दगडफूल आणि नीलहरित सूक्ष्मजीव यांची एक खरखरीत, काळपट खपली धरलेली असते. ती वाऱ्याने माती उडू देत नाही आणि तिच्यातले काही घटक हवेतला नत्रही पकडतात. कोरडी असताना तिच्यावर बूट पडला तर बिस्किटासारखा आवाज येतो, आणि तो आवाज म्हणजे भरून यायला कित्येक वर्षे, कधी दशके लागणारे नुकसान असते.

या तिघांखेरीज आयडाहो फेस्क्यू आणि ब्लूबंच व्हीटग्रास ही ठोंबांनी वाढणारी बहुवर्षायू गवते, सर्वांच्या आधी हिरवे होऊन सर्वांच्या आधी वाळणारे बुटके सँडबर्ग ब्लूग्रास, हरणे आवडीने खातात तो बिटरब्रश आणि शरद ऋतूत पिवळ्या फुलांनी भरणारा रॅबिटब्रश, अशी मंडळी या प्रदेशात असतात. पण ती सगळीकडे सारखी नसतात, आणि माझ्या मते हा विषय खरा तिथेच सुरू होतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या, बर्फ उशिरापर्यंत धरून ठेवणाऱ्या उतारावर फेस्क्यूचे प्रमाण वाढते. दक्षिणेकडच्या तापणाऱ्या उतारावर व्हीटग्रास. माती उथळ होऊन खडक वर आला की सेजब्रश विरळ होतो आणि फटींमध्ये मुळे घुसवलेले जुनिपर तेवढे उरते. रिचर्ड ड्रिस्कॉल यांनी १९६४ मध्ये मध्य ओरेगॉनच्या जुनिपर पट्ट्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात माती आणि वनस्पती यांची सांगड घालून असे अनेक समुदाय वेगळे काढले होते. आपण ज्याला एका शब्दात ‘जुनिपरचे जंगल’ म्हणून मोकळे होतो, ते या नजरेने पाहिले तर निरनिराळ्या वस्त्यांचे एक गाव असते आणि प्रत्येक वस्तीचे नियम वेगळे असतात. एका वस्तीत योग्य ठरलेले काम दुसरीत नासधूस ठरू शकते.

आता तोडीकडे वळतो. जुनिपर तिथे परका नाही. तो तिथलाच, हजारो वर्षांचा. महामार्गाच्या पलीकडे, उत्तरेला, ओरेगॉन बॅडलँड्स नावाचे लाव्हाचे रान आहे, ज्याला २००९ मध्ये कायद्याने वन्यप्रदेशाचा दर्जा मिळाला; तिथे कित्येक शतके वयाची झाडे आहेत, आणि ओरेगॉनमधील सर्वांत जुन्या ज्ञात जुनिपरचे वय १,६०० वर्षांहून अधिक सांगितले जाते. अशी जुनी झाडे बहुधा खडकाळ, उथळ मातीच्या जागीच आढळतात. कारण साधे आहे: तिथे आगीला पसरायला पुरेसे गवत नव्हते. खोल मातीच्या, गवत-सेजब्रशच्या माळावर अधूनमधून वणवा फिरायचा आणि जुनिपरची कोवळी रोपे, ज्यांची साल पातळ असते, त्यात मरून जायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरे आणि मेंढ्या प्रचंड संख्येने आल्या, त्यांनी आग वाहून नेणारे गवतच खाऊन टाकले; पुढे वणवे विझवण्याची सरकारी व्यवस्था उभी राहिली; आणि नेमकी त्या काळाच्या आसपासची काही दशके हवा सौम्य आणि ओलसर होती. परिणाम असा, की आज ओरेगॉन, ईशान्य कॅलिफोर्निया आणि नैऋत्य आयडाहो मिळून लक्षावधी हेक्टरांवर जी जुनिपरची दाटी दिसते तिच्यातील बहुसंख्य झाडे गेल्या दीडशे वर्षांतली आहेत. त्यांची रोपे अनेकदा सेजब्रशच्याच आडोशाला रुजतात, झुडपाच्या सावलीत पहिली वर्षे काढतात, आणि मोठी झाली की त्याच झुडपाच्या वाट्याची ओल ओढून घेतात. दाट वाढलेल्या जुनिपरखाली सेजब्रशचे करडे सांगाडे उभे असलेले दिसतात ते यामुळे.

जुने झाड आणि नवे झाड ओळखायला यंत्र लागत नाही. नव्याचा शेंडा टोकदार असतो, आकार नीट शंकूसारखा, आणि फांद्या जमिनीपर्यंत. जुन्याचा शेंडा चपटा, वेडावाकडा, अर्ध्याअधिक फांद्या वठलेल्या, साल तांबूस आणि खोल भेगांची, आणि वठलेल्या फांद्यांवर भडक पिवळट-हिरवे दगडफूल दाटलेले. चांगल्या पद्धतीने चाललेल्या कामात या खुणांवरून जुनी झाडे वगळली जातात आणि खोल मातीच्या माळावर उतरलेली नवी झाडे काढली जातात. आपल्या लेखात ‘शेकडो वर्षांची झाडे’ आणि ‘लाखो झाडांची कत्तल’ हे शब्दप्रयोग एकाच वाक्यात आले होते. ही दोन वेगळ्या झाडांबद्दलची विधाने आहेत.

पक्ष्याचे निमित्त म्हणाल, तर तो पक्षी सेजग्राउज. हिवाळ्यात तो जवळजवळ केवळ सेजब्रशच्या पानांवर जगतो आणि वसंतात त्याचे नर उघड्या मैदानावर जमून, छाती फुगवून माद्यांसमोर नाचतात. झाड म्हणजे शिकारी पक्ष्याला बसायला उंच जागा; म्हणून झाडे वाढली की तो मैदान सोडतो. ओरेगॉनमध्ये झालेल्या एका अभ्यासात झाडांचे छत्र ४ टक्क्यांच्या पुढे गेलेल्या भागात नाचाची एकही मैदाने चालू स्थितीत आढळली नाहीत. शंभर चौरस मीटरांत चार चौरस मीटर सावली, एवढ्याने पक्षी निघून जातो! लेखकाला हे निमित्त वाटले, मला ते बऱ्यापैकी भक्कम कारण वाटते. मात्र याच्या उलट बाजूचाही एक पक्षी आहे: टाउनसेंड सॉलिटेअर नावाचा करडा पक्षी हिवाळाभर जुनिपरच्या निळसर फळांवर गुजराण करतो आणि फळांनी लगडलेल्या झाडांची मालकी सांगत इतरांना हुसकावतो. बिया पसरवण्याचे कामही तो आणि त्याच्यासारखे फळखाऊ पक्षीच करतात. त्यामुळे सगळे जुनिपर काढा, असे कोणी शहाणा अभ्यासक म्हणत नाही.

पाण्याबाबत मात्र दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. एक जुनिपर दिवसाला अमुक इतके पिंप पाणी पिते, असे आकडे तिथल्या सभांमधून ऐकू येतात, आणि ते बहुधा एखाद्या मोठ्या झाडाच्या, ओल भरपूर असलेल्या दिवसाचे असतात. यापेक्षा क्रुक परगण्यातील कॅम्प क्रीकचा प्रयोग विश्वासार्ह. तिथे शेजारशेजारचे दोन लहान पाणलोट १९९० च्या दशकापासून मोजले जात होते. २००५ च्या सुमारास त्यांतील एकावरील नवे जुनिपर तोडले गेले आणि दुसरा तसाच ठेवला गेला. तोडलेल्या बाजूला झऱ्याचे पाणी आणि भूजल वाढल्याचे आढळले. पाणलोट विकासावर आपल्याकडे एवढा खर्च होतो, पण शेजारचा एक पाणलोट मुद्दाम हात न लावता मोजत राहण्याची ही पद्धत इथे क्वचितच दिसते.

लेखकाच्या आक्षेपातील जो भाग मला मान्य आहे तो आता सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या पश्चिमेत दोन ट्रॅक्टरांमध्ये जहाजाची साखळी ताणून झाडे उपटली गेली आणि त्या जागी गुरांसाठी परदेशी व्हीटग्रास पेरले गेले. त्यात समुदायाचा विचार नव्हता, चाऱ्याचा होता. आजही जिथे ठोंबांची देशी गवते आधीच संपलेली आहेत तिथे झाडे काढली किंवा आग लावली तर मोकळ्या जागेवर चीटग्रास येते. युरोप-आशियातून एकोणिसाव्या शतकात आलेले हे वर्षायू गवत शरद ऋतूत उगवते, उन्हाळ्याच्या तोंडाशीच वाळते आणि काडेपेटीसारखे पेट घेते. त्या प्रदेशातला सेजब्रश जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटत नाही, त्याला बियांपासूनच सुरुवात करावी लागते. चीटग्रासमुळे काही वर्षांतच दुसरी आग आली, की ती सुरुवातही जळते. असे माळ मी पाहिले आहेत, आणि त्यापेक्षा जुनिपरची दाटी बरी, असे म्हणायची पाळी येते. झाडे कुठे काढायची, हा प्रश्न जमिनीलगत काय शिल्लक आहे ते पाहिल्यावाचून सुटत नाही.

हॉर्स रिजसारख्या राखीव तुकड्याचे काम इथे येते. या जागा सहलीसाठी नाहीत. अमेरिकेत संशोधनासाठी नैसर्गिक क्षेत्रे राखण्याची सुरुवात १९२७ मध्ये ॲरिझोनात झाली आणि त्यामागचा विचार असा, की प्रत्येक प्रकारच्या वनस्पतिसमुदायाचा निदान एक नमुना हात न लावता ठेवावा, म्हणजे बाहेर केलेल्या कामाचे बरेवाईट त्याच्याशी ताडून पाहता येईल. बाहेरच्या चराऊ रानात फेस्क्यू कमी आहे, हे वाक्य बोलायलासुद्धा चराई नसलेल्या रानात ते किती असते हे माहीत असावे लागते.

या तुकड्यांनी तिथल्या तज्ज्ञांना अडचणीतही टाकले आहे, आणि हे मला विशेष मोलाचे वाटते. हॉर्स रिजच्या उत्तरेला, डेशूट्स आणि क्रुकेड या नद्यांच्या खोल दऱ्यांमध्ये एक सपाट माथा सुटा पडला आहे. त्याला नावच ‘द आयलंड’, म्हणजे बेट. क्षेत्र २०८ एकर, २०११ पासून राष्ट्रीय नैसर्गिक स्थळ. चारी बाजूंनी कडे असल्यामुळे तिथे चराई फारशी कधी पोहोचलीच नाही. तरीही १९६० आणि १९९४ मधील नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा तिथेही जुनिपर वाढलेला दिसला. गुरांनी गवत खाल्ले म्हणून झाडे वाढली, हे स्पष्टीकरण या जागी लागू पडत नाही. अभ्यासकांनी हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा हात असू शकतो, असे सुचवले, कारण त्यामुळे झाडाला कमी पाण्यात अधिक वाढता येते. हे सिद्ध झालेले नाही आणि त्यावर वाद आहे. पण असा प्रश्न विचारता आला तो केवळ ते बेट राखले गेले म्हणून. नाही तर सगळा दोष गुरांच्या माथी मारून सगळे मोकळे झाले असते. राखीव जागेतही आग विझवली जातेच, बाहेरचे बी वाऱ्यावर येतेच, त्यामुळे कुंपण घातले की काळ थांबला असे कोणी समजू नये.

या सगळ्याचा आपल्या वाचकांशी संबंध काय, असा प्रश्न आपण विचाराल. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्राने ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला होता. हेतू चांगला होता. परंतु खड्डे खणायला जी जागा निवडली जाते ती बहुधा माळरान असते, कारण कागदावर ते पडीक असते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ चे; त्या माळांवरही गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांची लागवड झाली आणि मोकळा माळ लागणाऱ्या माळढोकाला ती प्रतिकूल असल्याचे पक्षी-अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा सांगितले. माळढोक आज राज्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्यामागे शिकार, शेतीचा विस्तार, विजेच्या तारा अशी अनेक कारणे आहेत, एकट्या झाडांवर खापर फोडणे बरोबर नाही. तरीही ज्या पक्ष्यासाठी अभयारण्य केले त्याच्याच माळावर झाडे लावली गेली, कारण माळ म्हणजे काहीतरी कमी असलेले जंगल, ही समजूत आपल्या अंगवळणी पडली आहे. कुसळी, पवना, मारवेल ही गवते, त्यांच्यातून पावसाळ्यात उगवणारे कंद आणि एखादे हिवर किंवा बोर, हा पुरा समुदाय आहे.

मात्र ओरेगॉनची पद्धत इथे जशीच्या तशी उचलण्यालाही माझा विरोध आहे. तिथली ठोंबाची गवते मोठ्या कळपांच्या खुरांखाली घडलेली नाहीत, म्हणून चराई त्यांना इतकी बाधते. आपले माळ काळवीट आणि चिंकारा यांच्याबरोबर आणि पुढे शतकानुशतके धनगरांच्या मेंढरांबरोबर जगत आलेले आहेत. त्यांना तारेचे कुंपण घालून मेंढपाळाला बाहेर काढणे हा उपाय ठरेलच असे नाही. कास पठारावर कुंपण आणि चराईबंदी यांमुळे फुलांचे भले झाले की नुकसान, यावर किती वाद झाला हे आपल्या वाचकांना आठवत असेल. तो वाद भावनेवर आणि आठवणींवर चालला, कारण चराई असलेला आणि नसलेला असे दोन शेजारी तुकडे दीर्घकाळ मोजून ठेवलेले हाताशी नव्हते.

हे आपल्याला जमणारच नाही, असेही नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा सहा हेक्टरांचा सागवानी जंगलाचा तुकडा वनखात्याने कितीतरी आधीपासून कुऱ्हाड न लावता राखला आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली. उंच सागवानाला जो मान मिळाला तो गुडघाभर गवतालाही मिळावा, एवढीच मागणी आहे. सोलापूर, सातारा, पुणे, अहिल्यानगर, धाराशिव अशा पर्जन्यछायेतील जिल्ह्यांत मातीच्या प्रकारानुसार काही माळ निवडावेत. खोल काळ्या मातीचा एक, मुरमाचा एक, खडकाळ माथ्याचा एक. त्यातील काही भागात नेहमीची चराई चालू ठेवावी, काही भागात ती हंगामापुरती थांबवावी, काही पूर्णपणे सोडून द्यावा, आणि जवळच्या महाविद्यालयांनी दरवर्षी पावसाळ्यानंतर तिथल्या गवतांची यादी आणि त्यांचे प्रमाण नोंदवावे. यासाठी फार मोठी जमीन लागत नाही. गायरानातला तुकडा असेल तर ग्रामसभेला आणि मेंढपाळांना विचारूनच तो ठरवावा. कारण तो माळ त्यांच्याइतका दुसऱ्या कोणी पाहिलेला नसतो.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. दर पावसाळ्यात वृक्षलागवडीच्या बातम्या येतात आणि त्यात रोपांची संख्या, मान्यवरांची नावे व छायाचित्र असते. यंदापासून बातमीदारांनी संबंधित अधिकाऱ्यांना आणखी दोन प्रश्न विचारावेत: खड्डे खणण्यापूर्वी त्या जागेवर कोणती गवते आणि झुडपे होती, आणि त्यांची यादी कोणी केली? उत्तर मिळाले तर छापावे. यादी केलीच नसेल, तर तेही छापावे.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक
सध्या मुक्काम बेंड, ओरेगॉन